वंशावळ संगणकावर लावताना: मूळ एकाकडे, प्रती सगळ्यांकडे

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. आजोबांच्या हातची एक जुनी वही घरी आहे. तिच्यावरून आपण एक्सेलमध्ये साडेतीनशेच्या आसपास नावे भरली. पुण्याच्या चुलतभावाने तीच फाईल घेऊन तीत स्वतःची भर घातली, नागपूरच्या बहिणीने तिसरी प्रत केली, आणि आता तिन्ही फायली एकमेकींशी जुळत नाहीत. तेव्हा कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, सगळ्यांना मिळून काम कसे करता येईल आणि वहीच्या शेवटच्या चार मोडी पानांचे काय करावे, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी तहसिलीच्या अभिलेख कक्षात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गेली अकरा वर्षे भंडारा-गोंदियाकडच्या कुटुंबांच्या वंशावळी संगणकावर लावून देतो आहे. आपले गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातले असल्याने पुढची उदाहरणे त्याच भागाची घेतो.

सॉफ्टवेअरचा प्रश्न या तिघांत सर्वांत सोपा आहे. खरी अडचण तीन फायलींची आहे आणि ती कोणतेही सॉफ्टवेअर आपोआप सोडवत नाही. मात्र एक्सेल सोडावे लागेल, हे आधी सांगतो. एक्सेलला १९०० सालापूर्वीची तारीख तारीख म्हणून कळत नाही. १८९७ चा जन्म त्याच्या लेखी नुसता मजकूर असतो, त्यामुळे वयाचा हिशेब लागत नाही आणि क्रमही लागत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक्सेलमध्ये एका माणसाला एक ओळ मिळते आणि नाती त्या ओळींच्या बाहेर, आपल्या डोक्यात राहतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होते, म्हणजे एकच बाई एका बाजूने सून आणि दुसऱ्या बाजूने भाची असते. कागदावरच्या झाडात तिला दोनदा लिहावे लागते, एक्सेलमध्ये तर तिच्या दोन ओळी होतात, आणि वर्षभराने त्या दोन वेगळ्या बायका आहेत असे कोणीतरी धरून चालतो.

मी ग्रॅम्प्स हे वंशावळीचे सॉफ्टवेअर वापरतो. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे, त्याचे काम २००१ मध्ये सुरू झाले, आणि ते विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालते. साध्या जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेट नसतानाही ते चालते, आणि आपल्याकडे दुपारी वीज जाते तेव्हा ही बाब लहान नसते. देवनागरीत नावे भरायला काही अडचण येत नाही. ज्यांना पैसे मोजून काही घ्यायचे असेल त्यांनी खुशाल घ्यावे, पण एक अट पाहावी: त्यातली सगळी माहिती गेडकॉम स्वरूपात, म्हणजे वंशावळीच्या देवाणघेवाणीच्या फाईलमध्ये, बाहेर काढता आली पाहिजे. ज्यातून बाहेर पडता येत नाही, त्यात वंशावळ भरू नये.

एक्सेलमधली साडेतीनशे नावे पुन्हा टंकित करण्याची गरज नाही. ग्रॅम्प्स सीएसव्ही फाईल, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साध्या मजकुराचा तक्ता, आत घेतो. स्तंभांची नावे त्याला हवी तशी ठेवावी लागतात आणि व्यक्ती, विवाह व मुले यांचे तीन तक्ते एकाखाली एक द्यावे लागतात. एक्सेलमधून फाईल काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा, नाहीतर सर्व नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. आणि त्याआधी हे पाहावे की मूळ फाईल खरोखर युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणाऱ्या अक्षरसंकेतात, आहे. लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करून देणाऱ्या दुकानांत अजूनही जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात. त्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत तो इंग्रजी अक्षरांचा गुंता असतो आणि फॉन्ट बदलताच उघडा पडतो. आपल्या चुलतभावाने काही भाग दुकानात टाइप करून घेतला असल्याचे आपण लिहिले आहे. तो भाग प्रथम तपासावा.

आता मुख्य कामाकडे येतो. वंशावळीत नाव भरणे सोपे असते, ते नाव कशावरून भरले हे लिहून ठेवणे जड जाते, आणि घरोघरच्या फायली बिघडतात त्या नेमक्या इथेच. आमच्या कक्षातल्या कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली, नोंद साधारण अशी असे: तारीख, गाव, ‘गणू वल्द सोमा, जात कुणबी, यास मुलगा झाला’. मुलाचे नाव नाही. बारसे व्हायच्या आत कोतवाल जन्म सांगून मोकळा होत असे. गणूला चार मुलगे. या नोंदीतला मुलगा त्यांपैकी कोणता? एका घराण्यात थोरल्याच्या नातवाने ही नोंद नारायणाची धरली आणि धाकट्याच्या नातवाने श्रावणची, आणि दोघांनीही आपापल्या फाईलमध्ये तीच तारीख घालून दिली. दोन्ही भावांचा जन्म एकाच दिवशी झाल्याचे दिसले तेव्हा एक जण मला म्हणाला, ‘जुळे असतील’. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात दोघांच्या वयांत सहा वर्षांचे अंतर होते.

अशा वेळी ग्रॅम्प्समध्ये योग्य रीत ही की कोतवाल बुकातली नोंद स्वतंत्र आधार म्हणून भरावी, तिचा फोटो जोडावा, तिचा मजकूर जसाच्या तसा, ‘वल्द’ (अमक्याचा मुलगा), ‘जौजे’ (अमक्याची बायको), ‘बेवा’ (विधवा) या शब्दांसकट उतरवावा, आणि गणूचा एक ‘नाव नसलेला’ मुलगा तयार करून ती नोंद त्याला जोडावी. दाखल-खारीजमधले वय, एखादा फेरफार किंवा मृत्यूची नोंद जुळली, की मगच त्या अनामिकाला नारायणात किंवा श्रावणात विलीन करावे. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक आधाराला विश्वासार्हतेची पाच पातळ्यांची खूण करता येते. ती खूण करायचा कंटाळा करू नये, कारण दहा वर्षांनी फाईल पाहणाऱ्याला आपला अंदाज कोणता आणि कागद कोणता हे तीच सांगते. पूर्व विदर्भात कोतवाल बुक, दाखल-खारीज, बंदोबस्ताची मिसल (सारा ठरवतानाचे जमिनीचे कागद) आणि १९५४-५५ चे जमिनीचे अधिकार अभिलेख हे आधार बहुधा हाती लागतात. मालगुजारी, म्हणजे मालगुजारामार्फत सारा भरण्याची पद्धत, १९५१ मध्ये संपली, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या जमिनीच्या कागदांची रचना सारखी नसते, हेही लक्षात असू द्यावे.

हा काटेकोरपणा कशाला, असे पुष्कळांना वाटते. आपल्या भागात वंशावळ हौसेने क्वचित काढली जाते. बहुतेक वेळा मुलाच्या प्रवेशासाठी जात पडताळणी असते म्हणून ती काढतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो, आणि तो आजोबा-पणजोबांपर्यंत जोडून दाखवण्यासाठी शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते. आता कल्पना करा की एका चुलतभावाने आठ वर्षांपूर्वी दिलेल्या शपथपत्रात पणजोबांना तीन मुलगे आहेत आणि आपण आज दिलेल्या शपथपत्रात चार. चौथा लहानपणी वारला होता म्हणून त्याने गाळला आणि आपण प्रामाणिकपणे लिहिला. कोणीही खोटे बोललेले नाही, तरी जात पडताळणी समितीच्या दक्षता पथकासमोर दोन्ही घरांना उत्तरे द्यावी लागतात. आडनावही अशा वेळी मदतीला येत नाही. मेश्राम हे आडनाव गोंडांत आहे आणि बौद्धांतही, आणि राऊत तर अनेक समाजांत आहेत. म्हणून ज्याने कुठेही शपथपत्रावर वंशावळ दिली असेल, त्या वंशावळीची झेरॉक्स मिळवावी आणि तीही तारखेसह एक आधार म्हणून फाईलमध्ये भरावी. कोणी काय लिहून दिले आहे, हे घरात माहीत असलेले बरे.

नावांविषयी दोन गोष्टी. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते आणि परदेशी पद्धतीच्या सॉफ्टवेअरला ते कुठे ठेवावे हे नीट कळत नाही. ग्रॅम्प्समध्ये ते पितृनाम म्हणून वेगळे भरता येते, पण गेडकॉममधून दुसऱ्या प्रोग्राममध्ये गेल्यावर ते कधी आडनावाला चिकटते, कधी गळून पडते. मी ते भरतच नाही. बाप कोण हे नात्यावरून दिसतेच. फक्त कागदावर बापाचे नाव वेगळे आले असेल, जसे दत्तक गेलेल्याचे, तर ते पर्यायी नाव म्हणून आधारासह लिहितो. दुसरी गोष्ट अशी की आजोबांचे नाव नातवाला ठेवायची चाल असल्याने एका घराण्यात पाच नारायण सहज सापडतात. तेव्हा माणूस नावाने ओळखू नये, ग्रॅम्प्स देतो त्या क्रमांकाने ओळखावा, आणि तो क्रमांक एकदा पडला की कधीही बदलू नये. मी तोच क्रमांक कागदाच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहितो. १.२.३ अशा पिढीवार क्रमांकांचा मोह होतो, पण मध्येच एखादा विसरलेला थोरला भाऊ सापडला की खालचे सगळे क्रमांक सरकतात आणि आधी वाटलेल्या प्रती निरुपयोगी होतात.

बायकांच्या बाबतीत आपल्या आजोबांची वही, आपणच लिहिल्याप्रमाणे, ‘मुली तीन, दिल्या’ एवढ्यावर थांबते. फाईल तिथे थांबू नये. लग्नात पुष्कळदा पहिले नावही बदलले जाई, त्यामुळे माहेरच्या कागदात असलेली काशी आणि सासरच्या सातबाऱ्यातली पार्वती ही एकच बाई असू शकते. जन्मनाव हे मुख्य नाव आणि सासरचे नाव पर्यायी, असा नियम सर्वांनी पाळावा. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क जन्मतः आहे, म्हणून वारस फेरफाराला जोडलेली मुली वगळलेली वंशावळ अपुरी तर असतेच, शिवाय भांडणाचे मूळ होते. पाटाचे, म्हणजे बाईचे दुसरे, लग्न झाले असेल तर पहिला नवरा आणि दुसरा नवरा ही दोन कुटुंबे म्हणून भरावीत. पहिल्याचा मुलगा आईसोबत दुसऱ्या घरी वाढला असेल, तर त्याचे आईशी नाते जन्माचे आणि दुसऱ्या वडिलांशी सावत्र असे वेगवेगळे नोंदवता येते. गोंड कुटुंबांत सहा देव, सात देव हा कुळगटांचा भेद सोयरिकीसाठी महत्त्वाचा असतो. त्यासाठी ‘देव’ नावाची स्वतःची नोंद तयार करता येते, ती मजकुराच्या खाली लपवून ठेवू नये.

गावाच्या नावापुढे जिल्हा कोणता लिहावा, यावरून घरोघरी वाद होतात. आपले गाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. पणजोबांचा जन्म भंडारा जिल्ह्याच्या साकोली तहसिलीत झाला. तो भाग तेव्हा मध्य प्रांतात, १९०३ नंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५० नंतर मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात होता. एक्सेलमध्ये आपण सगळीकडे ‘जि. गोंदिया’ लिहिले आहे. त्या जिल्ह्याचे नाव घेऊन १९२० चे कोतवाल बुक शोधायला निघालेल्याचा दिवस वाया जाईल. ग्रॅम्प्समध्ये गाव एकदाच भरतात आणि ते कोणत्या तारखेपासून कोणत्या जिल्ह्यात, हे त्याच्या वरच्या ठिकाणांना तारखा देऊन नोंदवतात. घटनेच्या तारखेप्रमाणे योग्य जिल्हा मग तोच दाखवतो. विदर्भातल्या इतर जिल्ह्यांनाही हे लागू पडते: गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ पूर्वी चंद्रपुरात होते, वाशीम १ जुलै १९९८ पूर्वी अकोल्यात.

तारखांची गोष्ट याहून नाजूक आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जुलै दिसली की ती बहुधा गुरुजींनी लावलेली तारीख असते. ती भरावी, पण दाखल्याच्या आधाराने आणि कमी विश्वासार्हतेने. म्हाताऱ्या माणसांकडून साल विचारून मिळत नाही, प्रसंग विचारून मिळते. लाखांदूरकडच्या एका आजींना मी सासऱ्यांच्या जन्माचे साल तीनदा विचारले. त्या म्हणाल्या, ‘आता साल मले का मालूम? सासू सांगे, मानमोडी आली तवा तो अंगावर पीत होता.’ मानमोडी म्हणजे १९१८ च्या शेवटी आलेली इन्फ्लुएंझाची साथ. म्हणजे जन्म १९१६ ते १९१८ च्या दरम्यानचा. ग्रॅम्प्समध्ये ‘दरम्यान’, ‘सुमारे’, ‘पूर्वी’ अशा तारखा भरता येतात, आणि आजींचे वाक्य मी जसेच्या तसे आधारात उतरवले. वहीत शके असेल तर चैत्रापासून पौषाच्या मध्यापर्यंत ७८ आणि पुढे ७९ मिळवून इसवी सन काढावे, पण मूळ शके टिपणात ठेवावे. गेडकॉममध्ये ज्यू आणि फ्रेंच क्रांतीच्या कालगणनेलाही जागा आहे, शकाला नाही, म्हणून ही दुहेरी नोंद आपल्यालाच सांभाळावी लागते.

आता आपला दुसरा प्रश्न, म्हणजे मिळून काम करणे. गेडकॉम ही वंशावळीची देवाणघेवाण करण्याची सर्वमान्य फाईल आहे. तिची सुरुवात १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने केली. एकदा ती नोटपॅडमध्ये उघडून पाहा, म्हणजे भीती जाईल. ती साधा मजकूर असते. प्रत्येक ओळ एका अंकाने सुरू होते: शून्याच्या ओळीवर व्यक्तीचा क्रमांक, त्याखाली एकच्या ओळीवर नाव, ज्यात आडनाव दोन तिरप्या रेघांमध्ये असते, मग एकच्या ओळीवर जन्म आणि त्याखाली दोनच्या ओळींवर त्याची तारीख व ठिकाण. जुन्या ५.५ आवृत्तीत देवनागरी टिकेल याचा भरवसा नसतो. यूटीएफ-८ ला, म्हणजे युनिकोड अक्षरे साठवण्याच्या रीतीला, जागा ५.५.१ आवृत्तीने दिली, आणि २०२१ च्या ७.० आवृत्तीत तर तेच बंधनकारक आहे. त्यामुळे समोरच्याने ५.५.१ किंवा ७.० मध्येच पाठवावे असे ठरवून घ्या. ५.५.१ मध्ये ओळीच्या लांबीला मर्यादा असल्याने लांब टिपण तुकड्यांत मोडले जाते. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि एखादा प्रोग्राम अक्षरांऐवजी बाइट मोजून ओळ तोडत असेल तर अक्षराच्या पोटातूनच कापतो. टिपणात मध्येच चौकटी दिसल्या तर कारण हे असते. आणखी एक: ५.५.१ च्या फाईलसोबत फोटो जात नाहीत, फक्त आपल्या संगणकावरचा त्यांचा पत्ता जातो. पलीकडच्याला फोटो दिसत नाहीत तो दोष त्याचा नसतो. दोघांकडेही ग्रॅम्प्स असेल तर फोटोंसह बांधलेली त्याची स्वतःची फाईल पाठवणे उत्तम.

आलेली फाईल थेट आपल्या मुख्य फाईलमध्ये कधीही ओतू नये. हे मी स्वतः एकदा केले आहे. चारशे बारा माणसांच्या फाईलमध्ये मी पुतण्याची गेडकॉम घेतली आणि माणसे सातशेच्या वर गेली, कारण सारखी माणसे ओळखून घेण्याचे काम प्रोग्राम आपोआप करत नाही, सगळ्यांना नवीन धरतो. मग मी दुबार नावे शोधण्याचे साधन चालवले आणि रात्री उशिरापर्यंत ‘विलीन करा’ दाबत बसलो. दुसऱ्या दिवशी पाहिले तर एका आजींना अकरा मुले झाली होती आणि त्यांतला शेवटचा त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी जन्मला होता. मी चुलत घरातले दोन नारायण एक करून टाकले होते. प्रोग्राम बंद केल्यावर मागे फिरता येत नाही. सुदैवाने आठ दिवसांपूर्वीची प्रत पेनड्राइव्हवर होती.

तेव्हापासूनची माझी रीत अशी आहे, आणि आपल्या तिघांनीही ती धरावी असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्य फाईल एकाकडे असते. आपल्या घरात वही ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे, म्हणजे आपल्याकडे. बाकीच्यांना प्रती मिळतात. प्रत घेणारा ती पाहतो, छापतो, मुलांना दाखवतो, पण तिच्यात केलेला बदल मुख्य फाईलमध्ये जात नाही. त्याला काही दुरुस्त करायचे असेल तर तो चिठ्ठी पाठवतो: व्यक्तीचा क्रमांक, आता काय आहे, काय असावे, आणि कशावरून. ‘कशावरून’ रिकामे असेल तरी चिठ्ठी घ्यावी, फक्त ती ‘अमुक काकांनी सांगितले’ या आधाराने भरावी. चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तरी चालते, पण ती एका वहीत उतरवून तिच्यापुढे ‘भरली’ किंवा ‘थांबवली’ असे लिहावे. नवी प्रत वर्षातून दोनदाच काढावी. मी ती दिवाळीला आणि अक्षय तृतीयेला काढतो, कारण अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरायला माणसे गावी आलेली असतात आणि पितरांची नावे तेव्हा तोंडावर असतात. फाईलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’ आणि ‘अंतिम-खरी’ अशा नावांच्या फायली मी पुरेशा पाहिल्या आहेत.

सध्याच्या तीन फायलींसाठी मात्र एकदा बसावे लागेल. आपली फाईल मुख्य धरा. चुलतभावाची आणि बहिणीची फाईल ग्रॅम्प्समध्ये दोन वेगळ्या, रिकाम्या वंशावळींत घ्या आणि एकेका कुटुंबाचा फरक वाचून मुख्य फाईलमध्ये हाताने भरा. साडेतीनशे नावांना चार-पाच संध्याकाळी पुरतात. दोघांनाही फोनवर घेऊन हे केले तर रुसवे कमी होतात.

ज्या घरात पाच-सहा जण नियमित काम करणारे आहेत आणि एकाला सर्व्हर सांभाळता येतो, त्यांच्यासाठी वेबट्रीज हे सर्व्हरवर चालणारे वंशावळीचे सॉफ्टवेअर किंवा ग्रॅम्प्सची वेब आवृत्ती आहे. त्यांत कोणी काय बदलले याची नोंद राहते आणि हयात व्यक्तींची माहिती परक्यांपासून झाकता येते. आपल्या तिघांसाठी तो खटाटोप मला अनावश्यक वाटतो. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावरचे झाड विनामूल्य आहे, पण ते सर्व जगाचे मिळून एकच झाड आहे. तिथे आपण भरलेले पणजोबा उद्या कोणीही दुरुस्त करू शकतो. तिथे शोधायला जावे, आपली मुख्य फाईल म्हणून ते वापरू नये.

प्रत देताना काय द्यायचे नाही, हे आधी ठरवा. आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक, जात प्रमाणपत्राचा क्रमांक हे मुख्य फाईलमध्येसुद्धा भरू नयेत. त्यांचे तिथे काहीच काम नाही. आपल्या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी होते आणि कोण वाहक आहे हे घरात माहीत असते. ही माहिती दोन्हीकडच्या पालकांनी लग्नाआधी एकमेकांना जरूर सांगावी, पण ती दोनशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वंशावळीतून गेली तर एखाद्या मुलीची सोयरीक तिला न विचारता मोडते. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक नोंदीला कुलपाची खूण असते. ती लावलेली नोंद प्रत काढताना वगळता येते, आणि हयात माणसांना पूर्ण गाळण्याचा किंवा त्यांची नावे झाकण्याचा पर्यायही निर्यातीच्या खिडकीत असतो. निर्यात झाल्यावर ती फाईल स्वतः उघडून पाहिल्याशिवाय पाठवू नये. मोबाईलवरच पाहणाऱ्या नातेवाइकांना गेडकॉम पाठवून उपयोग नसतो. त्यांच्यासाठी वंशजांच्या तक्त्याची पीडीएफ काढावी, आणि तक्ता मोठा होत असेल तर एकेका आजोबांच्या शाखेची वेगळी.

प्रती किती ठेवाव्यात? तीन, आणि त्यांपैकी एक गावाबाहेर. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीचा पूर नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडमध्ये शिरला तेव्हा घरेच्या घरे गेली. अशा वेळी कागदाची पेटी कपाटात होती की माळ्यावर, याला अर्थ राहत नाही. लॅपटॉपवर एक, पेनड्राइव्हवर एक आणि नागपूरच्या बहिणीकडे एक प्रत, अशी आपली व्यवस्था सहज होईल. शिवाय दर दोन वर्षांनी संपूर्ण वंशावळ कागदावर छापून घ्यावी.

शेवटी ती चार मोडी पाने. वही प्रथम पूर्ण, मुखपृष्ठापासून कोऱ्या पानांपर्यंत, दिवसाच्या उजेडात वरून सरळ फोटो घेऊन उतरवा. कोरी पानेही घ्या, कारण पान फाडलेले आहे की मुळात कोरे होते, हा प्रश्न पुढे येतो. वहीला लॅमिनेशन मुळीच करू नका. उष्णतेने आणि प्लॅस्टिकने जुना कागद खराब होतो आणि नंतर तो सोडवता येत नाही. सुती कापडात गुंडाळून, उदबत्तीच्या आणि कापराच्या पेटीपासून दूर ठेवा. मोडी वाचणाऱ्या दोघांकडून, एकमेकांचे वाचन न दाखवता, ती पाने वाचून घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे एकाच नावाची दोघांनी दोन वाचने करणे अगदी शक्य आहे. दोघांचे जुळेल तेवढी नावे झाडात भरा. जिथे जुळणार नाही तिथे दोन्ही वाचने आधाराच्या टिपणात लिहून ठेवा, पानाचा फोटो जोडा, आणि झाडातली ती जागा मोकळी सोडा.